सगळ्या फोटोंत पाठीच पाठी

"तुम्हाला माणसांचे चेहरे आवडत नाहीत का हो?" असं आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलं तेव्हा माझ्या रोज एक फोटो या उपक्रमाला ८७ दिवस झाले होते आणि मी स्वतःवर जाम खूश होते. सकाळचं शूट संपवून आम्ही सगळे कट्ट्यावर बसून एकमेकांचे फोटो बघत होतो, काकांनी माझ्या फोनमधला अख्खा अल्बम अंगठ्याने सरासरा वर सरकवला आणि दोन मिनिटांत ही पुडी सोडली. मी म्हणलं छे, काहीतरीच काय, आणि फोन हातात घेऊन बघायला लागले तर खरंच की. छत्रीवाला माणूस, पाठमोरा. जिना उतरणारी मुलगी, पाठमोरी. माझी सख्खी आई गॅलरीत कपडे वाळत घालतेय, तीही पाठमोरी. घरी येऊन मोजलंच शेवटी. ८७ पैकी ३१ फोटोंत माणसं होती आणि त्यातल्या २६ जणांची नुसती पाठ. उरलेल्या पाचात दोन मी स्वतः आरशात, एक झोपलेला भाऊ आणि दोन इतक्या लांबून काढलेले की चेहरा म्हणजे तिळाएवढा ठिपका.

पण हे मधलंच सांगायला लागले, आधी सुरुवात सांगते.

कॅमेरा माझ्याकडे वर्षभर कपाटात पडून होता, ऑफिसमधल्या एकाने विकायला काढलेला मी घेतला होता, साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत येते ती १८-५५ची किट लेन्स. घेतला तेव्हा हौस भयंकर, व्हिडिओ बघून झाले, कोणती बॅग घ्यावी यावर पंधरा दिवस डोकं लावून झालं, फोटो मात्र सगळे मिळून चाळीस पण नसतील. मग एक दिवस जेमी लिव्हिंगस्टनबद्दल वाचलं. न्यूयॉर्कचा माणूस, ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड, म्हणजे काढल्या काढल्या छापून बाहेर येणारा फोटो, काढायला लागला आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला वारला त्या दिवसापर्यंत काढत राहिला. ६ हजारांहून जास्त फोटो. त्यातले कितीतरी फोटो अगदी साधे आहेत, मित्र बसलेत, खोली आहे, रस्ता आहे, पण एकामागोमाग एक बघत गेलं की शेवटी शेवटी पोटात कसंतरी होतं कारण तो आजारी पडत गेलेला दिसतो. मला वाटलं अठरा वर्षं नाही पण एक वर्ष तर जमेल ना आपल्याला.

नियम मी स्वतःलाच घातले. फोटो त्याच दिवशी काढलेला पाहिजे, फोनने नाही कॅमेऱ्याने, आणि रात्री झोपायच्या आत अल्बममध्ये टाकून खाली एक ओळ लिहायची. चांगला आलाच पाहिजे असा नियम नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच हे चाललं असं मला आता वाटतं.

पहिला महिना म्हणजे निव्वळ विनोद आहे. चप्पल, बादली, पंखा, परत चप्पल. १९ व्या दिवसाचा फोटो स्विचबोर्डचा आहे आणि त्याची वेळ आहे रात्री ११ वाजून ५२ मिनिटं. दिवसभर काही सुचायचं नाही, रात्री दात घासताना आठवायचं की अरे आजचा राहिला, मग ट्यूबलाइटच्या उजेडात जे समोर दिसेल ते टिपायचं. मोड अर्थातच ऑटो. फ्लॅश आपोआप टपकन उघडायचा आणि समोरची वस्तू पोलिसांनी पकडल्यासारखी पांढरीफट्ट दिसायची.

ऑटो सुटलं ते एका चादरीमुळे. पांढरी स्वच्छ चादर दोरीवर वाळत होती, ऊन मस्त होतं, मी फोटो काढला तर चादर राखाडी. परत काढला, परत राखाडी. मला वाटलं कॅमेरा बिघडला. मग शोधाशोध केल्यावर कळलं की बिचाऱ्याला चादर माहीतच नाहीये. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोर काहीही असू दे, सरासरी मधला राखाडी रंग आहे असं धरून चालतो, ज्याला १८ टक्के ग्रे म्हणतात ना तोच साधारण, आणि त्या हिशोबाने उजेड कमी जास्त करतो. म्हणजे पांढरं दिसलं की तो घाबरून अंधार करणार, काळं दिसलं की उगाच उजळ करणार. उपाय एका बटणाचा, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, चादरीला प्लस एक केलं की चादर पांढरी, काळ्या छत्रीला मायनस एक केलं की छत्री काळी. इतकं साधं पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कॅमेरा ठरवतोय ते ऐकायलाच पाहिजे असं काही नाही. त्यानंतर डायल ॲपर्चर प्रायोरिटीवर गेली, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते मी ठरवणार आणि शटरचा वेग कॅमेरा, ती तिथेच राहिली.

आणि मग बाटलीचा आठवडा. विषय सुचेना म्हणून वैतागून ठरवलं की सात दिवस एकच वस्तू, काचेची रिकामी बाटली, खिडकीतल्या टेबलावर, बघू काय होतंय. पहिले दोन दिवस कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला काढला तर बाटलीची सावली टेबलभर लांबलचक पसरलेली आणि काचेतून आलेल्या उजेडाची एक हिरवट रेघ तिच्या मधोमध, मी आदल्या दिवशी दुपारी बाराला काढला होता तेव्हा यातलं काहीच नव्हतं. चौथ्या दिवशी ढग होते, सावली गायब, पण बाटलीच्या कडा एकदम मऊ आणि स्पष्ट. पाचव्या दिवशी खिडकीला पडदा लावून पाहिला, सहाव्या दिवशी बाटलीच्या मागून उजेड येईल असं उभं राहून पाहिलं तर काच पेटल्यासारखी दिसली. सातव्या दिवशी रात्री टेबल लॅम्प घेतला आणि तो जवळ लांब करत बसले, तेव्हा लक्षात आलं की लॅम्प दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा नाही होत, पावच राहतो. शाळेत भौतिकशास्त्रात व्यस्त वर्गाचा नियम पाठ केला होता, गुण पण मिळाले होते, पण तो टेबलावर असा समोर बसलेला असतो हे माहीत नव्हतं. लॅम्प बाटलीच्या अगदी जवळ आणला की मागची भिंत आपोआप काळी पडते, काळा कपडा लावायची गरजच नाही. कुणी मला विचारलं की ३६५ दिवसांतले कोणते सात ठेवशील तर मी हेच सात ठेवीन, फोटो म्हणून त्यातला एकच बरा आहे तरीही.

ग्रुप मला ऑफिसमधल्या एका मुलीने सांगितला. दर रविवारी सकाळी कुठंतरी भेटतात, कधी नदीकाठी, कधी जुन्या इमारतींच्या गल्लीत, कधी बाजार उघडायच्या वेळी, आणि दोन अडीच तास फोटो काढून मग एकत्र बसतात. मी ४० व्या दिवसाच्या आसपास पहिल्यांदा गेले. पंधराएक जण होते, कुणाकडे तोफेएवढ्या लेन्सा, कुणाकडे नुसता फोन, एक आजोबा चक्क फिल्म कॅमेरा घेऊन. मी माझी किट लेन्स पोटाशी लपवून उभी होते. सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं सुरुवातीला, खरं तर कुणी ढुंकूनही बघत नसतं, सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये.

त्या पहिल्या दिवशी मी २१४ फोटो काढले आणि घरी येऊन लॅपटॉपवर उघडले तर सगळ्यांवर रवा शिंपडल्यासारखे दाणे. आदल्या रात्री घरात फोटो काढताना आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा, ३२०० वर ठेवला होता तो तसाच राहिला होता. वर ऊन चढल्यावर कॅमेऱ्याने शटर १/४००० सेकंदापर्यंत नेलं, त्याच्यापुढे त्याला जाताच येत नव्हतं, त्यामुळे शेवटचे पन्नासेक फोटो तर पांढरेधोप. आणि मी दर फोटोनंतर स्क्रीनवर बघत होते बरं का, छोट्या स्क्रीनवर उन्हात सगळं छानच दिसतं. हे मी पुढच्या रविवारी सगळ्यांना सांगितलं तर अर्धा ग्रुप हसला कारण त्या अर्ध्यांचं पण हेच झालेलं. तिथल्या एका ताईंनी मला तेव्हाच सांगितलं की स्क्रीनवरच्या फोटोवर नको, हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत अंधार उजेड किती ते दाखवणाऱ्या आलेखावर, भरवसा ठेव, डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर पांढरं गेलं ते गेलं, नंतर परत येत नाही. आणि कार्ड नसताना शटर दाबलंच जाणार नाही अशी सेटिंग मेनूत असते ती चालू कर, कारण कार्ड लॅपटॉपला लावून घरी विसरायचा दिवस प्रत्येकाच्या आयुष्यात येतो. माझ्या आयुष्यात तो दोन महिन्यांनी आला.

ॲपर्चरचे आकडे पण याच ताईंनी डोक्यात घातले. मला कधीच कळायचं नाही की आकडा मोठा तर भोक छोटं का, आणि मधे ५.६ आणि २.८ असले विचित्र आकडे कुठून येतात. त्या म्हणाल्या भागाकार आहे गं तो. ५० एमएमची लेन्स एफ २ वर म्हणजे ५० भागिले २, पंचवीस मिलिमीटरचं भोक. एफ १० असतं तर पाचच मिलिमीटर. आणि उजेड भोकाच्या रुंदीवर नाही, क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून क्षेत्रफळ निम्मं करायला आकडा दोनने नाही, दोनच्या वर्गमुळाने, १.४ ने गुणायचा. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, दर पायरीला उजेड निम्मा. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाच मिनिटांत सांगितलं त्यांनी, आणि मी चार महिने हे पाठ करत होते.

पण खरं सांगायचं तर ग्रुपमधलं बरंचसं शिकणं असं समजावून दिलेलं नव्हतंच. एकाच गल्लीत पंधरा जण दोन तास फिरतात आणि नंतर प्रत्येकाने फक्त पाच फोटो दाखवायचे असा नियम होता. दोनशेतले पाच निवडताना जीव जातो, शेवटी एकसारखे दिसणारे दहा फोटो घेऊन बसायचं आणि यातला हाच का, याचं उत्तर स्वतःला द्यायचं. आणि मग बाकीच्यांचे बघायचे. एक निळं दार होतं, मी त्याच्यासमोर सरळ उभी राहून दाराचा फोटो काढला, अगदी पासपोर्टचा फोटो वाटावा असा. त्याच दाराचा एका मुलाने जमिनीवर जवळजवळ झोपून काढला होता, उंबऱ्यापासून वर बघत, दार किल्ल्याच्या दरवाजाएवढं दिसत होतं. एकीने नुसती कडी घेतली होती, सत्तर ठिकाणी रंग उडालेली. मी त्या कडीवर हात ठेवून उभी होते हो, मला ती दिसलीच नव्हती.

सगळंच गोड होतं असं नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ पायरीवर पेपर वाचत बसले होते, चेहरा सुंदर, सुरकुत्या, उजेड बाजूने पडलेला. एकाने फोटो काढला, त्याचं बघून दुसरा आला, आणि पाच मिनिटांत आठ जण त्यांच्याभोवती अर्धगोल करून टकटक करत होते. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी दुसऱ्या गल्लीत निघून गेले. नंतर बसल्यावर काकांनी हाच विषय काढला आणि तेव्हापासून नियम झाला की एका माणसाजवळ एका वेळी एकच जण जाणार, नाही म्हणलं तर त्याच्यासमोर फोटो डिलीट करायचा, आणि लहान मुलांचा आईवडलांना विचारल्याशिवाय नाही. काही जण कुरकुरले, की अशाने नैसर्गिक क्षण जातात वगैरे. जाऊ देत की. आठ जण घेराव घालून उभे असतात तेव्हा कुठला आलाय नैसर्गिक क्षण.

तर हेच ते काका, ज्यांनी ८७ व्या दिवशी मला चेहऱ्यांबद्दल विचारलं. मला राग आला होता. मी पुढच्या रविवारी अभ्यास करून गेले वाद घालायला. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा तो जगप्रसिद्ध फोटो आहे ना, १९३२चा, पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनमागे एक माणूस साचलेल्या पाण्यावरून उडी मारतोय आणि टाच पाण्याला टेकायच्या आत क्लिक झालंय, तो दाखवला आणि म्हणलं यात तरी कुठं चेहरा दिसतोय. काका हसले. म्हणाले "अहो तो माणूस उडी मारतोय. तुमची माणसं नुसती निघून चाललीत." वर हेही सांगितलं की तो फोटो कुंपणाच्या फटीतून काढलेला, डावीकडे फळी आलेली म्हणून नंतर कापलेला आहे, आणि क्रॉप करणं म्हणजे पाप असं मानणाऱ्या एका ग्रुपमेंबरकडे मुद्दाम बघत सांगितलं, तो वाद मग तासभर चालला आणि माझी सुटका झाली.

घरी येऊन मात्र मी माझ्या सगळ्या फोटोंची माहिती काढली. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लेन्स किती एमएमवर होती, शटर किती, सगळं लिहिलेलं असतं, सॉफ्टवेअरमध्ये ते एका ठिकाणी दिसतं. जवळपास दोन तृतीयांश फोटो ५५ वर. म्हणजे झूम पूर्ण ताणून, जितकं लांब राहता येईल तितकं लांब राहून. आणि सगळे उभ्याने, माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून, बसून काढलेला एकही नाही. कलेबिलेचा प्रश्नच नव्हता, मी लोकांना घाबरत होते आणि गुडघे वाकवायचा आळस करत होते, बस.

काकांनी सांगितलेलं औषध फार कडू होतं. लेन्स ३५ वर आणायची, झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावायची आणि तीस दिवस काढायची नाही. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली फोटो टिपणारी चिप, छोटा आहे, क्रॉप १.५चा, त्यामुळे ३५ म्हणजे मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण ५२ सारखं दिसतं. या लेन्सने एखाद्या माणसाचा डोकं ते छाती असा फोटो हवा असेल तर त्याच्यापासून जेमतेम एक मीटरवर उभं राहावं लागतं. एक मीटर म्हणजे हात लांब केला तर जवळजवळ लागेल इतकं. पाठमोरा काढायचा तरी पाठलाग केल्यासारखं दिसतं. म्हणजे विचारणं आलंच.

पहिले चार दिवस मी निर्जीव वस्तूंवर घालवले. पाचव्या दिवशी एका कोपऱ्यावर किल्ल्या बनवून देणारे एक जण बसतात त्यांच्यासमोरून तीनदा गेले. चौथ्यांदा थांबले आणि म्हणलं "दादा, तुमचा एक फोटो काढू का?" ते म्हणाले "कशाला?"

याचं उत्तर मी तयारच केलं नव्हतं. नाही म्हणले तर काय करायचं, हो म्हणले तर काय करायचं, सगळं ठरवलं होतं, कशाला हा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं. तोंडातून निघालं "शिकतेय." ते म्हणाले "बरं मग काढा" आणि परत किल्ली घासायला लागले. हात असा थरथरत होता की शटर १/२०० असूनही फोटो हलला, पाच काढले त्यातले चार हललेले आणि पाचव्यात फोकस कानावर. त्या दिवशी अल्बममध्ये तो कानवाला फोटोच टाकला. खालची ओळ होती, "कान अप्रतिम आलाय."

कानाचा इलाज म्हणजे फोकस कॅमेऱ्यावर न सोडता एकच पॉइंट निवडायचा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवायचा. जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा फार पातळ असतो, भोक मोठं असेल तर आणखी पातळ. म्हणून सुरुवातीला एफ ५.६ वर काढ, धूसर बॅकग्राउंडचा हव्यास नंतर कर, असं ताई म्हणाल्या आणि ते बरोबरच होतं. आमच्यातल्या नव्या मुलांचं कसं असतं, एफ १.८ची लेन्स आली की सगळं १.८ वरच, मग एक डोळा स्पष्ट आणि नाक वितळलेलं. मी पण नंतर ती लेन्स घेतली आणि महिनाभर हेच केलं म्हणा.

त्या तीस दिवसांत मी २२ जणांना विचारलं, ७ जण नाही म्हणाले. नाही म्हणलं की काही होत नाही हे कळायला तीन नकार लागले. चौथ्यापासून मी "बरं, काही हरकत नाही" म्हणून पुढे जायला शिकले. हो म्हणणाऱ्यांचा प्रॉब्लेम वेगळा, ते हो म्हणतात आणि लगेच खांदे ताठ करून फोटोचा चेहरा करतात. यात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे माझी आई. आई बोलत असते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इतकं काय काय चालू असतं, आणि कॅमेरा वर केला की एकदम मतदार ओळखपत्र. खिडकीजवळ बसवलं, उजेड एका बाजूने येईल अशी तिरकी वळवली, अंधाऱ्या बाजूला पांढरा कागद धरून थोडा उजेड परत फेकला, सगळं पुस्तकातलं केलं आणि फोटो आला तो निर्विकार. मग मी एक क्लिक केलं, म्हणलं "झालं", कॅमेरा छातीपर्यंत खाली घेतला. तिने हुश्श केलं आणि मावशीच्या फोनबद्दल काहीतरी सांगायला लागली, तेव्हा मी न बघता तिथूनच दुसरा काढला. तो फोटो जमला. थोडा वाकडा आहे आणि वर भिंतच भिंत आलीय पण ती माझी आई आहे.

छातीवरून काढायची कल्पना माझी नाही. व्हिव्हियन मायर नावाची अमेरिकन फोटोग्राफर रोलायफ्लेक्स कॅमेरा वापरायची, त्यात वरून खाली बघून फोटो काढतात, कॅमेरा कमरेजवळ. त्यामुळे समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडत नाही आणि बघण्याची उंची पण बदलते, माणसं मोठी, भारदस्त दिसतात. आयुष्यभर लोकांच्या घरी मुलं सांभाळायचं काम केलं तिने, १ लाखाहून जास्त निगेटिव्ह काढून ठेवल्या आणि जवळपास कुणाला दाखवल्या नाहीत, २००७ मध्ये तिचं सामान लिलावात गेलं तेव्हा त्या बाहेर आल्या. मला तिचा हेवा वाटतो तो या गोष्टीचा, कुणाला न दाखवता काढत राहण्याचा. मला तर रात्री अल्बममध्ये टाकल्यावर दहा मिनिटांनी किती जणांनी बघितला ते तपासायची खोड लागली होती. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वाहवा सूर्यास्ताला.

बाकीचं पटापट सांगते. ग्रुपच्या रात्रीच्या शूटला एलईडीच्या उजेडात माझ्या फोटोंवर आडवे पट्टे यायचे, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर असे कितीतरी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी जास्त होतात आणि माझं शटर त्याहून खूप वेगात होतं, १/१०० किंवा १/५० वर आणलं की पट्टे गेले. चंद्राचा फोटो दहा वेळा पांढरी गोळी आला, मग काकांनी सांगितलं की रात्र आपल्यासाठी आहे, चंद्रावर ऊन पडलंय, उन्हाचंच एक्सपोजर लाव, एफ ११, आयएसओ १००, शटर १/१२५, आणि डाग दिसले.

२०३ व्या दिवशी ताप होता, १०२च्या वर. झोपून राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं. कॅमेऱ्यात तारीख बदलून एक फोटो काढायचा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू, तारीख बदलायच्या मेनूपर्यंत गेले पण होते. मग ती जागा रिकामी सोडली. भाऊ म्हणाला आता ३६५ नाही ३६४ झाले, काय उपयोग. त्यानंतर आठवडाभर मला पण तसंच वाटत होतं, नंतर विसरले. रोजच्या उपक्रमाची ही एक बाजू कुणी सांगत नाही, की मधे एक काळ असा येतो जेव्हा फोटोपेक्षा मोजणीच जास्त प्रिय होते. माझं मत विचाराल तर नव्याने सुरू करणाऱ्याने वर्षाचं नाव न घेता तीस दिवस करावेत, त्यातला एक आठवडा एकाच वस्तूचा, आणि महिन्यातून दोनदा कुणाबरोबर तरी बाहेर पडावं. एकट्याने केलं असतं तर मी आजही पाठीच काढत बसले असते आणि त्याला स्वतःची शैली म्हणाले असते.

शेवटच्या दिवसासाठी मोठमोठे बेत होते, पहाटे टेकडीवर जायचं वगैरे. प्रत्यक्षात ऑफिसातून सुटायला उशीर झाला आणि उजेड जायला अर्धा तास उरला होता. बॅगेत एक प्रिंट होती, किल्लीवाल्या दादांची, नंतर एकदा नीट काढलेली, त्यांना देईन देईन म्हणून दोन महिने राहिली होती. म्हणलं चला, निदान ते तरी उरकू.

त्यांनी प्रिंट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. म्हणाले "डोळे मिटलेत माझे." मी म्हणलं नाही हो, खाली बघताय तुम्ही, किल्लीकडे. ते म्हणाले "तेच ते. आता परत काढा." हात पुसले, केसांवरून हात फिरवला आणि सरळ माझ्याकडे बघत बसले. मी खाली बसले, गुडघा टेकवून, एक मीटरवर. चिकटपट्टी कधीच निघाली होती पण लेन्स ३५ वरच होती. दोन काढले, दाखवले, त्यांनी दुसरा पास केला.

मग म्हणाले "इकडं द्या, आता तुमचा काढतो." मी कॅमेरा ऑटोवर टाकला, पट्टा त्यांच्या गळ्यात अडकवला, बटण दाखवलं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझी मान आपोआप रस्त्याकडे वळली.

"ताई," ते म्हणाले, "इकडं बघा की."